कोणता ब्रश, हे विचारून झालं. आता पुढचं विचारा

वाचकाचं पत्र

मी ५४ वर्षांची, राहणार पाचपाखाडी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जलरंग शिकायला लागले. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बऱ्या ग्रेड होत्या, पण मधली सगळी वर्षं ब्रश हातात धरला नव्हता. आता ठाण्यातल्या चित्रकारांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. लोक सुरेख कामं टाकतात, रविवारी कुठेतरी जमून जागेवर बसून चित्रं काढतात. मला फार प्रश्न पडतात आणि मी ते विचारते. कोणता कागद, कोणता ब्रश, कुठल्या कंपनीचे रंग, मासुंदा तलावाच्या पाण्यातलं प्रतिबिंब कसं आणलंत. सुरुवातीला उत्तरं यायची, मग नुसते अंगठे यायला लागले. परवा एकाने लिहिलं, "काकू, गूगल करा ना." एका नावाजलेल्या चित्रकाराने "प्रत्येकाची काही सिक्रेट्स असतात" असं लिहून हसरा चेहरा टाकला. मुलगा म्हणतो, आई, ग्रुपवर एवढं विचारत नसतात, लोक वैतागतात. तेव्हापासून मी प्रश्न टाइप करते आणि पुसून टाकते. अजून एक. ग्रुपमधल्या एकाची चित्रं इतकी बिनचूक असतात की फोटोवरून गिरवलेली असावीत किंवा एआयने केलेली, असा मला संशय येतो. विचारू का? की या वयात गप्प बसून बघणंच बरं?

टाइप करून पुसणारी, ठाणे

उत्तर

ताई,

गप्प बसू नका. पण आत्तापर्यंत विचारत होतात तसंही विचारू नका.

आधी ते "गूगल करा" बाजूला काढू. उत्तर उद्धट होतं, त्यात वाद नाही. पण अशा प्रत्येक ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी नवीन येतं आणि "सुरुवातीला कोणते रंग घेऊ?" असं विचारतं. उत्तर देणारे मात्र तेच तीन-चार जण असतात. त्यांनी तेच उत्तर इतक्यांदा टाइप केलेलं असतं की पुढच्या माणसाच्या वाट्याला अंगठाच येतो. ग्रुपच्या नावाखाली शोधायची सोय असते. तिथे 'कागद' एवढा शब्द टाकून बघा. जुने सगळे संदेश वर येतील, त्यात कागदावरून झालेली दोन-तीन भांडणंही सापडतील. ती नीट वाचा. तुम्हाला कुणी सरळ उत्तर दिलं असतं, त्यापेक्षा त्या भांडणांत जास्त माहिती असेल.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. ते जवळजवळ सगळे सामानाचे आहेत. एखाद्या घरी आमटी आवडली आणि आपण पातेलं कुठल्या दुकानातलं ते विचारलं, तर घरची बाई काय सांगणार? दुकानाचं नाव सांगेल आणि विषय संपेल. सामानाच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं असतं, म्हणून ते देणाऱ्यालाही त्यात काही गंमत वाटत नाही.

तरी सामानाचं थोडं इथेच सांगून टाकते, म्हणजे ते परत विचारावं लागणार नाही. ब्रशची चिंता सोडा. टोक नीट जुळणारा आठ किंवा दहा नंबरचा एक गोल सिंथेटिक ब्रश बराच काळ पुरतो. रंगांत मात्र कंपनीचं नाव बघू नका, ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा कोड बघा. अल्ट्रामरीन निळ्यावर पी, बी आणि २९ दिसेल, मग कंपनी कुठलीही असो. सॅप ग्रीनची गोष्ट वेगळी. तो बहुतेक ठिकाणी मिश्रण असतो आणि प्रत्येक कंपनीचं मिश्रण निराळं. ठाण्याजवळच्या येऊरच्या पावसाळी झाडीसाठी कुणी 'सॅप ग्रीन' सांगितला आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीचा आणलात, तर तुमचं रान पिवळं दिसेल. तेव्हा हिरवा कोणता, हे विचारायचं असेल तर कोड विचारा किंवा कशात काय मिसळलं ते विचारा.

कागदावर थोडं जास्त बोलते, कारण पैसे खर्च करायची खरी जागा तीच. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शंभर टक्के कॉटनचा कागद पाणी सगळीकडे सारखं धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. लाकडाच्या लगद्याचा कागद स्वस्त पडतो, पण पाणी लवकर सोडतो, मग रंगाचा दुसरा हात द्यायला सवड मिळत नाही. पैसे वाचवायचे असतील तर कॉटनचा एक मोठा ताव घेऊन त्याचे आठ तुकडे करा आणि दोन्ही बाजू वापरा. एक गोष्ट ठाण्यात राहणाऱ्याला माहीत हवीच. चांगल्या कागदाला जिलेटिनची किंवा तत्सम खळ दिलेली असते, तिच्यामुळे रंग वरच्या वर राहतो. दोन पावसाळे कपाटात दमट हवेत पडलेल्या कागदाची ती खळ मरते. मग रंग लावला की कागद तो शोषून घेतो आणि ठिपके उठतात. माणूस समजतो आपला हात बिघडला. तेव्हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

सामान संपलं. आता तो मासुंद्याचा प्रश्न. "प्रतिबिंब कसं आणलंत?" हा तुमच्या यादीतला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि त्याचंच उत्तर मिळालं नाही. कारण तो फार मोठा आहे. उत्तर द्यायचं तर त्या माणसाला अर्धा तास टाइप करावं लागेल, आणि एवढं करून तुम्ही नेमक्या कुठे अडला आहात हे त्याला कळणारच नाही. कदाचित तुम्हाला रंग गडद करायची भीती वाटते. कदाचित झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा गडद निघतंय, खरं तर गडद वस्तूचं पाण्यातलं रूप सहसा किंचित फिकं असतं. कदाचित पाणी वाळायच्या आतच तुम्ही लाटा ओढता आहात. तीन आजार, तीन औषधं. डॉक्टरला पेशंट दिसायला नको का?

म्हणून यापुढे प्रश्नासोबत तुमचं बिघडलेलं चित्र टाका. मला मुख्य सांगायचंय ते हेच, बाकीची बडबड त्याच्या आजूबाजूची आहे.

लाज वाटेल, मला कल्पना आहे. त्या ग्रुपवर सगळे आपलं उत्तम तेवढंच टाकतात. चारशे सुंदर चित्रांच्या मधे आपला डागाळलेला कागद ठेवायला धीर लागतो. पण बिघडलेलं चित्र बघून चित्रकाराच्या हाताला जी खाज सुटते, ती चांगलं चित्र बघून सुटत नाही. "अरे, इथे पाणी जास्त झालंय" हे सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. समजा, तुम्ही असं लिहिलंत:

"काल दुपारी पाऊस थांबल्यावर उपवन तलावाला काढलं. ३०० जीएसएम, कॉटन. आकाश वेट ऑन वेट (ओल्या कागदावर ओला रंग) केलं. ढगांचा राखाडी दुसऱ्यांदा लावला तेव्हा डाव्या कोपऱ्यात फुलकोबीसारखे डाग पडले. अजून ओलं असताना लावायला हवं होतं की पूर्ण वाळू द्यायला हवं होतं?"

याला अंगठा येणार नाही. याला उत्तर येईल, आणि दोन जणांची दोन वेगळी आली तर तुमचं नशीब जोरावर म्हणा. एकजण सांगेल की वॉश, म्हणजे पसरलेला पातळ रंगाचा थर, अर्धवट वाळलेला असताना जास्त पाण्याचा ब्रश टेकला की नवं पाणी जुन्या रंगाला ढकलत बाहेर नेतं आणि काठावर दातेरी कडा उरते. तेव्हा कागदाची चमक गेली की हात काढायचा. दुसरा म्हणेल, हात काढायची गरज नाही, फक्त ब्रशमध्ये पाणी कमी आणि रंग जास्त घ्या. दोघंही बरोबर आहेत.

त्या प्रश्नात 'काल दुपारी पाऊस थांबल्यावर' हे शब्द आहेत, ते मी मुद्दाम घातलेत. यूट्यूबवर जी मंडळी आकाश रंगवून दाखवतात, त्यातली बरीच कोरड्या हवेच्या देशांतली असतात. त्यांचा कागद जेवढ्या वेळात वाळतो, तेवढ्या वेळात जुलैमधल्या ठाण्यात तो ओलाचिंब असतो. त्यांच्या घड्याळाने दुसरा हात दिला की आपल्याकडे डाग. याच्या उलट मे महिन्यात तलावपाळीला, म्हणजे मासुंद्याच्या काठी, अकरा वाजता बसा, वॉश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. हे गूगलला ठाऊक नाही, तुमच्या ग्रुपवरच्या माणसांना ठाऊक आहे. ती याच हवेत रंगवतात. जिथे गूगल तोकडं पडतं तिथेच या माणसांना विचारायचं. कुणी परत "गूगल करा" म्हणालं तर त्याला हेच सांगा, हसून सांगा.

आता विचारायचं कुणाला. सगळ्या ग्रुपला विचारलेला प्रश्न बहुतेकदा कुणालाच विचारलेला नसतो. प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी उत्तर देईल. शिवाय रविवारी सकाळी सुप्रभातचे फोटो आणि चित्रांचा पूर येतो, त्यात तुमचा प्रश्न दहा मिनिटांत वर वाहून जातो. लिओनार्दो दा विंचीच्या वहीत करायच्या कामांची एक यादी आहे, मिलानमधल्या दिवसांतली. तिच्यात 'अमुक शिकायचं' अशा मोघम ओळी आहेतच, पण बऱ्याच ओळी 'अमक्याला तमुक विचार' अशा आहेत. फ्लँडर्समध्ये लोक बर्फावरून कसे चालतात, हे बेनेदेत्तो पोर्तिनारीला विचार. फेराराच्या बुरुजाची भिंत कशी बांधली आहे, हे गियानिनो नावाच्या तोपचीला विचार. एवढा मोठा माणूस, पण बर्फाचं त्याला विचारायचं जो तिकडचं जाणतो, आणि बुरुजाचं त्याला ज्याचा धंदा भिंती पाडायचा. तुमच्या ग्रुपवरही कुणाचं पाणी चांगलं असेल, कुणाची माणसं, कुणाच्या गर्दीच्या रस्त्यातल्या रिक्षा. महिनाभर बघा, वहीत लिहून ठेवा. मग पाण्याचं पाणीवाल्याला विचारा, त्याच्या चित्राला रिप्लाय देऊन, नाव घेऊन. सोमवारी रात्री विचारा, तेव्हा गर्दी ओसरलेली असते.

त्या सिक्रेटवाल्यांबद्दल. हे काही नवीन नाही, ताई. राजा रवि वर्मा चौदा वर्षांचा असताना त्रावणकोर दरबारात आला. तिथल्या चित्रकाराने त्याला तैलरंगाचं काम शिकवायचं नाकारलं. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवणं असं केलं नाही, आपण काम करताना मुलाला बघू दिलं, एवढंच. पुढे याच मुलाने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेली. छापखाना नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. हे सांगायचं कारण असं की हात राखून ठेवणारे आपल्याकडे पहिल्यापासून आहेत, आणि त्यांना विनवण्या करण्यात वेळ घालवायचा नसतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर जलरंगात लपवण्यासारखं फारसं काही नसतंच. पाणी किती, रंग किती, केव्हा थांबायचं. तिन्ही गोष्टी कुणी लिहून दिल्या तरी हाताला यायला वर्षं जातात. ज्याला वाटतं आपलं गुपित फुटेल, त्याला बहुधा स्वतःलाच नीट सांगता येत नाही की आपण नेमकं काय करतो. आणि ही गोष्ट चांगल्या चित्रकारांच्या बाबतीतही होते बरं का. हाताला कळलेलं तोंडाला सांगता येत नाही. त्या हसऱ्या चेहऱ्याचा राग धरू नका.

त्यांना बघा मात्र. रविवारी जाता की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जात नसाल तर जा. मासुंदा तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे काही रिवाज असतात, ते कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. बसलेल्या माणसाच्या मागे उभं राहताना त्याच्या कागदावर आपली सावली पडू देऊ नका. ओला वॉश चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही, त्या दोन मिनिटांत तो तुमचं काही ऐकूही शकत नाही आणि चित्र बिघडलं तर तुमच्या नावावर जातं. तो ब्रश धुवायला वळला, पाणी बदललं, चहा घेतला की मग विचारा. त्यावेळी विचारायचा माझा आवडता प्रश्न आहे, "तुम्ही इथे का थांबलात?" काठावरच्या गडकरी रंगायतनची अख्खी भिंत त्याने कोरी सोडलेली असते, किंवा देवळाकडचा काठ दोन फटकाऱ्यांत उरकलेला असतो. का सोडलं, का उरकलं? ब्रशचा नंबर विचारल्यावर एक शब्द बोलणारा माणूस या प्रश्नावर चहा थंड होईपर्यंत बोलतो. त्याला कुणी हे विचारलेलंच नसतं. ग्रुपवर त्याला दिवसभर काय मिळतं? अप्रतिम, क्या बात, सुंदर, जोडलेले हात. त्याने ज्या कोपऱ्यावर तासभर डोकं घातलं, तो कोपरा एकालाही दिसलेला नसतो. तुम्हाला तो दिसला, एवढं त्याला कळलं की पुरे.

आता संशयाचं. "हे एआयने केलंय का?" असं ग्रुपवर विचारू नका. प्रश्नचिन्ह लावलं तरी तो आरोपच राहतो, आणि खरा ठरला तरी त्यातून तुमच्या हाताला काही मिळत नाही. गिरवणं आणि एआय या दोन गोष्टी तुम्ही एकत्र केल्यात, त्याही वेगळ्या करा. यंत्राच्या मदतीने रेषा घेणं फार जुनं आहे. टॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७९३ मध्ये आपल्या भागात आले, येऊरच्या डोंगराच्या पलीकडे कान्हेरीची लेणी आहेत तिथेही गेले. भारतातल्या प्रवासात ते कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत, भिंगातून कागदावर पडलेल्या प्रतिमेवरून इमारतींच्या कडा घेत. त्यामुळे त्यांची चित्रं खोटी ठरली नाहीत. कुणी फोटोवरून रेषा घेऊन वर स्वतः रंग भरत असेल तर ती त्याची पद्धत आहे. फक्त "जागेवर बसून काढलं" असं लिहून तो टाकत असेल तर ते वाईट. पण त्याचा निवाडा ॲडमिनला करू द्या. तुम्हाला त्या बिनचूकपणाचं खरंच कुतूहल असेल तर त्याला वैयक्तिक संदेश पाठवा: "तुमच्या इमारतींचा पर्स्पेक्टिव्ह फार पक्का असतो, रंग भरायच्या आधीचं पेन्सिलचं स्केच कधी दाखवाल का?" दाखवलं तर शिकायला मिळेल. नाही दाखवलं तर सोडून द्या. पण पकडायच्या हेतूने विचारणार असाल तर विचारूच नका. त्याला तो हेतू पहिल्या ओळीत कळेल, आणि पुढच्या वेळी तुमच्या साध्या प्रश्नाकडेही लोक संशयाने बघतील.

मुलाचं म्हणाल, तर तो तुमची काळजी करतोय. आई चार लोकांत हसू होऊ नये, असं त्याला वाटतं. त्याला सांगा, महिन्यातून दोन प्रश्न विचारणार, चित्रासकट. आणि 'या वयात' वगैरे माझ्याशी बोलू नका. 'काकू' म्हणणाऱ्याने ते बहुधा आदराने म्हटलंय, त्याची आई तुमच्याएवढी असेल.

उत्तर मिळालं की एक काम करा, ते फार कमी लोक करतात. सांगितलं तसं करून बघा आणि आठवड्याने नवं चित्र टाका: "तुम्ही म्हणालात तसं पाणी कमी घेतलं, डाग गेले, पण आता ढग कोरडे वाटतात." ज्याने तुम्हाला सांगितलं तो पुढच्या वेळी आपणहून सांगेल.

शेवटी एक. ग्रुपवर तुम्ही फक्त विचारणाऱ्या आहात, असं तुम्ही धरून चालला आहात. अशा ग्रुपवरची निम्मी तरुण मुलं चित्रं विकायला लागलेली असतात. गिऱ्हाईक चेक स्टुडिओच्या नावाने देतं, खातं असतं स्वतःच्या नावाने, आणि चेक परत येतो. करंट अकाउंट काढायला बँकेत गेलं की धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागतात. त्यातला एक उद्यम नोंदणीचा (छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचा) दाखला चालतो, हे त्यांना माहीत नसतं. काउंटरच्या पलीकडे इतकी वर्षं तुम्ही बसला होतात. पुढच्या रविवारी चहाच्या वेळी हे सहज बोलून बघा. "गूगल करा" म्हणणारा मुलगा त्या घोळक्यात असला, तर पहिला प्रश्न त्याचाच येईल असा माझा अंदाज आहे. त्याला नीट उत्तर द्या.